हुपरीची चांदी ते इंडिया व्हिक्स : बाजार ‘किती’ हलेल याचा अंदाज कसा बांधतात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर ओळखलं जातं. पैंजण, जोडवी, घुंगरू असे दागिने इथे घराघरांत घडतात आणि इथून दूरदूरच्या पेठांत जातात. हुपरीच्या कारागिराचं कौशल्य त्याच्या हातात असतं. चांदीचा भाव मात्र त्याच्या हातात नसतो. तो लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारात, डॉलरच्या दरावर आणि दिल्लीतल्या आयात शुल्कावर ठरतो.

समजा, एखाद्या कारागिराने १० किलो पैंजणांची ऑर्डर घेतली. हिशेब सोपा जावा म्हणून भाव किलोला १ लाख रुपये धरू. म्हणजे १० लाखांची चांदी झाली. माल तयार होईपर्यंत बाजाराचे ९ दिवस जाणार आहेत. या ९ दिवसांत भाव वर जाईल की खाली, हे कोणालाच ठाऊक नाही. पण त्याला दुसरा एक प्रश्न विचारता येतो. भाव साधारण किती हलू शकतो? ५ हजारांचा धक्का बसेल, ५० हजारांचा, की २ लाखांचा?

पहिल्या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर मिळत नाही. दुसऱ्याचं बऱ्यापैकी मिळतं. याच दुसऱ्या प्रश्नाच्या अभ्यासाला व्होलॅटिलिटी मॉडेलिंग म्हणतात. मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन घेणाऱ्या तरुणापासून ते मार्जिन ठरवणाऱ्या एक्स्चेंजपर्यंत सगळ्यांचा पैसा या हिशेबाला बांधलेला असतो. म्हणून हा हिशेब कसा होतो, कुठे चालतो आणि कुठे तोंडावर पडतो, हे समजून घेऊ.

व्होलॅटिलिटी म्हणजे नेमकं काय?

मराठीत आपण अस्थिरता किंवा चढउतार म्हणतो. बोलताना ‘बाजार लई व्होलाटाइल आहे’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘बाजार पडतोय’ असा घेतला जातो. तो चुकीचा आहे. व्होलॅटिलिटी ही हालचालीची मोजणी आहे, दिशेची नाही. बाजार रोज ३ टक्के चढला काय आणि रोज ३ टक्के आपटत राहिला काय, दोन्ही वेळा तो सारखाच जोरात हलतोय.

मोजायचं कसं, ते एका आठवड्याच्या काल्पनिक उदाहरणावर पाहू. चांदीच्या भावात सोमवार ते शुक्रवार असे बदल झाले : १ टक्का वर, २ टक्के खाली, अर्धा टक्का वर, १ टक्का खाली आणि दीड टक्का वर. यांची बेरीज शून्य येते. म्हणजे आठवडाअखेर भाव जवळपास होता तिथेच आहे. पण म्हणून आठवडा शांत गेला असं कोणी म्हणणार नाही.

आता प्रत्येक बदलाचा वर्ग करा, म्हणजे वर-खालीचा फरक निघून जातो. १, ४, ०.२५, १ आणि २.२५ असे आकडे येतात. त्यांची सरासरी १.७. तिचं वर्गमूळ साधारण १.३. म्हणजे त्या आठवड्यात चांदीची रोजची व्होलॅटिलिटी १.३ टक्के होती. शाळेत शिकलेलं प्रमाण विचलन ते हेच.

रोजच्या आकड्यावरून वर्षाचा आकडा काढताना ३६५ ने गुणत नाहीत. एक दिवस वर, एक दिवस खाली असं होत काही हालचाल आपापसात कटते. म्हणून दिवसांच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणतात. वर्षात बाजाराचे साधारण २५० दिवस असतात आणि त्याचं वर्गमूळ येतं जवळपास १६. हा १६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता हुपरीच्या ऑर्डरकडे येऊ. चांदीची रोजची व्होलॅटिलिटी दीड टक्का धरली, तर ९ दिवसांची होते दीड गुणिले ३, म्हणजे साडेचार टक्के. १० लाखांवर ४५ हजार रुपये. तीनपैकी साधारण दोन वेळा भाव ४५ हजार वर किंवा ४५ हजार खाली या पट्ट्यात राहील आणि एक वेळ त्याच्या बाहेर जाईल. सहा ऑर्डरींमागे एका ऑर्डरीत तरी भाव कारागिराच्या विरोधात ४५ हजारांपेक्षा जास्त जाण्याची शक्यता आहे. महिनाभराची मजुरी अशा एका फेऱ्यात जाऊ शकते. हा आकडा हातात असला की चांदी आजच घेऊन ठेवायची की गिऱ्हाइकाशी आजच्या भावाने सौदा पक्का करायचा, हे तरी डोळे उघडे ठेवून ठरवता येतं.

दिशा कळत नाही, मग हालचाल कशी कळते?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोल्हापुरातल्या जुन्या माणसांना तो अजून आठवतो. तो त्या दिवशी होणार हे आधी कोणी सांगू शकलं नव्हतं. पण मोठा धक्का बसून गेल्यावर एक गोष्ट सगळ्यांना कळत होती. आता काही दिवस जमीन हलत राहणार. पुढचे धक्के येणार, त्यातले काही जोराचे असणार आणि मग हळूहळू ते कमी होत जाणार.

बाजाराचं बरंचसं असंच आहे. मोठ्या हालचालीच्या मागे मोठ्या हालचाली येतात, शांत दिवसांच्या मागे शांत दिवस येतात. बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६३ साली कापसाच्या भावांचा अभ्यास करताना हे नोंदवलं. आज त्याला व्होलॅटिलिटीचे ‘गुच्छ’ पडतात असं म्हणतात.

असं का होत असावं? एक तर मोठी बातमी एका दिवसात पचत नाही. तिचे परिणाम कळायला आठवडे जातात. दुसरं, घसरणीत उधारीवर घेतलेले सौदे तुटतात आणि त्या विक्रीने आणखी घसरण होते. तिसरं, घाबरलेला माणूस लगेच शांत होत नाही.

उद्याची दिशा कळली असती, तर सगळ्यांनी आजच खरेदी किंवा विक्री केली असती आणि तो फायदा आजच संपला असता. म्हणून दिशेचा अंदाज टिकत नाही. ‘उद्या बाजार जोरात हलेल’ हे सगळ्यांना कळलं, तरी तेवढ्याने हालचाल थांबत नाही. म्हणून हा अंदाज टिकतो.

पहिली पद्धत : ताज्या दिवसाला जास्त वजन

सर्वात साधी पद्धत म्हणजे गेल्या ३० किंवा ६० दिवसांची व्होलॅटिलिटी काढायची आणि उद्याही तेवढीच राहील असं धरायचं. यात एक गडबड आहे. ५९ दिवसांपूर्वीचा धक्का आणि कालचा धक्का यांना सारखंच वजन मिळतं. आणि ६१ व्या दिवशी तो जुना धक्का खिडकीतून बाहेर पडला की आकडा एकदम खाली येतो, बाजारात काहीही बदललेलं नसताना.

यावर उपाय म्हणजे ताज्या दिवसाला जास्त वजन देत आणि जुन्या दिवसांचं वजन थोडं थोडं कमी करत जाणं. अमेरिकेतल्या जे. पी. मॉर्गन बँकेने १९९४ साली ‘रिस्कमेट्रिक्स’ नावाने ही पद्धत सर्वांसाठी खुली केली. सूत्र सोपं आहे. कालच्या अंदाजाच्या वर्गाचे ९४ टक्के आणि आजच्या बदलाच्या वर्गाचे ६ टक्के यांची बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. यातल्या ०.९४ या आकड्याला लॅम्डा म्हणतात.

उदाहरण घ्या. कालपर्यंत अंदाज १ टक्का होता आणि आज बाजार ५ टक्के पडला. १ च्या वर्गाचे ९४ टक्के म्हणजे ०.९४. ५ च्या वर्गाचे, म्हणजे २५ चे ६ टक्के म्हणजे १.५. बेरीज २.४४, वर्गमूळ १.५६. एका दिवसात अंदाज १ टक्क्यावरून १.५६ टक्क्यांवर गेला. दुसऱ्या दिवशी बाजार फक्त अर्धा टक्का हलला, तरी अंदाज १.५२ वरच राहतो. धक्का लगेच विसरला जात नाही. त्याचं वजन निम्मं व्हायला बाजाराचे साधारण ११ दिवस लागतात.

ही पद्धत भारतात फार आधीपासून वापरात आहे. शेअर निर्देशांकांचे फ्युचर्स सुरू करण्याआधी त्यांची जोखीम कशी आवरायची, हे ठरवण्यासाठी सेबीने आयआयएम अहमदाबादचे प्रा. जयंत वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९८ च्या अहवालात या समितीने हीच पद्धत आणि ०.९४ हाच आकडा सुचवला. निर्देशांकाच्या फ्युचर्ससाठी मार्जिन रोजच्या व्होलॅटिलिटीच्या ३ पट हालचाल झेलेल असं असावं, असं ठरलं. जून २००० मध्ये हे सौदे सुरू झाले. पुढे तपशील बदलत गेले, पण तत्त्व तेच राहिलं. बाजार खवळला की मार्जिन वाढतं. तुमच्या ब्रोकरच्या ॲपवर ‘मार्जिन कमी पडतंय’ असा जो मेसेज येतो, त्याच्या मागे हा हिशेब असतो.

दुसरी पद्धत : गार्च, म्हणजे मुक्कामाकडे परतणारा अंदाज

वरच्या पद्धतीत एक उणीव आहे. धक्का हळूहळू विसरायचा हे तिला कळतं, पण शेवटी कुठल्या पातळीवर परतायचं हे कळत नाही. बाजाराची एक सरासरी चाल असते. वादळ शमलं की तो तिच्याकडे येतो.

रॉबर्ट एंगल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८२ साली ‘आर्च’ हे मॉडेल मांडलं. गंमत म्हणजे त्यासाठी त्याने शेअर बाजार घेतलाच नव्हता. ब्रिटनमधल्या महागाईच्या आकड्यांवर त्याने ते वापरून दाखवलं. १९८६ मध्ये त्याचा विद्यार्थी टिम बॉलरस्लेव्ह याने ते वाढवून ‘गार्च’ तयार केलं. या कामासाठी एंगलला २००३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. क्लाइव्ह ग्रेंजर त्या वर्षीचा त्याचा सहमानकरी होता.

गार्चमध्ये उद्याचा अंदाज तीन गोष्टींपासून बनतो : बाजाराची दीर्घकाळची सरासरी पातळी, आजचा धक्का आणि कालपर्यंतचा अंदाज. कोणाला किती वजन द्यायचं हे आपण मनाने ठरवत नाही. गेल्या काही वर्षांच्या रोजच्या भावांवरून संगणक ठरवतो.

समजा, आजच्या धक्क्याचं वजन ०.०८, जुन्या अंदाजाचं ०.९० आणि उरलेलं ०.०२ सरासरी पातळीचं आलं. सरासरी पातळी रोजची १ टक्का. आज बाजार ५ टक्के पडला. आता ०.०२ अधिक २५ चे ८ टक्के म्हणजे २, अधिक ०.९०. बेरीज २.९२ आणि वर्गमूळ १.७१. उद्याचा अंदाज १.७१ टक्के. पण गार्च तिथे थांबत नाही. पुढच्या प्रत्येक दिवसाचा अंदाज ते देतं आणि तो हळूहळू १ टक्क्याकडे उतरत जातो. या आकड्यांत साधारण ३४ दिवसांनी अंदाज १.४ टक्क्यांपर्यंत आलेला असेल. धक्का किती दिवस मुरतो याचं हे मोजमाप झालं.

यात पुढे एक सुधारणा झाली. शेअर बाजारात ३ टक्क्यांची घसरण ३ टक्क्यांच्या तेजीपेक्षा पुढच्या दिवसांना जास्त हलवते. घसरणीला वेगळं वजन देणारं एक मॉडेल १९९३ साली ग्लॉस्टेन, जगन्नाथन आणि रंकल या तिघांनी मांडलं. त्यातले रवी जगन्नाथन हे भारतीय वंशाचे अर्थशास्त्रज्ञ.

तिसरी पद्धत : बाजारालाच विचारायचं

आतापर्यंतच्या पद्धती मागे बघून पुढचं सांगतात. तिसरी पद्धत वेगळी आहे. ऑप्शन म्हणजे एक प्रकारचा विमा. पुराची भीती वाढली की विम्याचा हप्ता वाढतो. तसंच बाजार जोरात हलेल असं लोकांना वाटलं की ऑप्शनचा प्रीमियम वाढतो. मग प्रीमियमवरून उलट गणित करून लोकांना किती हालचाल अपेक्षित आहे ते काढता येतं.

अमेरिकेत शिकागोच्या ऑप्शन्स एक्स्चेंजने १९९३ मध्ये ‘व्हिक्स’ हा निर्देशांक सुरू केला. त्याच धर्तीवर राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, २००८ साली ‘इंडिया व्हिक्स’ आणला. निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून पुढच्या ३० दिवसांसाठी अपेक्षित असलेली व्होलॅटिलिटी तो सांगतो, पण वर्षाच्या भाषेत.

आता तो १६ चा आकडा काढा. इंडिया व्हिक्स १६ असेल तर भागिले १६, म्हणजे निफ्टी रोज साधारण १ टक्का हलेल अशी अपेक्षा. व्हिक्स ३२ असेल तर रोज २ टक्के. महिन्याचा आकडा हवा असेल तर १२ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण साडेतीनने भागा. व्हिक्स १६ म्हणजे महिन्याला साडेचार टक्क्यांच्या आसपास, वर किंवा खाली.

‘व्हिक्स वाढला म्हणजे बाजार पडणार’ अशी पोस्ट दिसली तर हे आठवा. व्हिक्स दिशा सांगत नाही. बाजार पडताना लोक विमा घ्यायला धावतात, म्हणून दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकत्र दिसतात, एवढंच.

४ जून २०२४ : तिन्ही पद्धतींची परीक्षा

लोकसभा निवडणुकीचा निकाल ४ जून २०२४ ला होता. एप्रिलमध्ये इंडिया व्हिक्स साधारण १० ते १३ च्या दरम्यान होता. मे महिन्यात तो २० च्या वर गेला. रोजच्या भावांत तेवढी खळबळ नव्हती. म्हणजे मागे बघणारी मॉडेलं शांत होती आणि पुढे बघणारा व्हिक्स सावध झाला होता. गार्चला कॅलेंडर वाचता येत नाही. ऑप्शन घेणाऱ्या-विकणाऱ्या माणसांना येतं.

३ जूनला एक्झिट पोलच्या उत्साहात सेन्सेक्स २,५०७ अंकांनी चढला आणि व्हिक्स २१ च्या आसपास उतरला. १६ ने भागलं तर रोजची अपेक्षित हालचाल १.३ टक्के. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी आणि निफ्टी ५.९३ टक्क्यांनी कोसळला. अपेक्षेच्या साडेचार पट.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. व्हिक्स ३० दिवसांची सरासरी सांगतो. त्या ३० दिवसांत एकच दिवस स्फोटक असणार हे माहीत असलं, तरी सरासरीत तो दिवस विरघळतो. म्हणून मोठ्या घटनेच्या आदल्या दिवशी व्हिक्सला १६ ने भागून निश्चिंत होणं धोक्याचं असतं.

साडेचार पट हालचाल किती दुर्मीळ? पुस्तकातल्या घंटेच्या आकाराच्या आलेखाप्रमाणे असा दिवस शेकडो वर्षांतून एकदा यावा. प्रत्यक्षात २००० सालानंतरच १७ मे २००४ ला सेन्सेक्स ११ टक्क्यांवर पडला, १८ मे २००९ ला १७ टक्क्यांवर चढला आणि २३ मार्च २०२० ला १३ टक्क्यांवर कोसळला. २००४, २००९ आणि २०२४ चे तिन्ही धक्के निवडणूक निकालाशी जोडलेले होते. खऱ्या बाजाराच्या आलेखाची शेपूट जाड असते. टोकाचे दिवस गणितातल्या आदर्श आलेखापेक्षा फार जास्त वेळा येतात.

मॉडेल कुठे फसतं?

एक, सरकारी निर्णय. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्या-चांदीचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं गेलं. त्याच दिवशी भारतात चांदी किलोमागे हजारो रुपयांनी उतरली. जगाच्या बाजारात काहीच घडलं नव्हतं. ज्यांच्याकडे आदल्या दिवशीच्या भावाने घेतलेली चांदी पडून होती, मग ते कोल्हापूरच्या गुजरीतलं दुकान असो की हुपरीतलं घर, त्यांच्या मालाची किंमत घटली. भूतकाळातल्या भावांत हा निर्णय कुठेच लिहिलेला नव्हता.

दोन, गृहीतकच मोडणं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाच्या फ्युचर्सचा भाव शून्याखाली गेला. मुंबईच्या एमसीएक्सवर तो सौदा बॅरलला उणे २,८८४ रुपयांनी मिटवण्यात आला. टाळेबंदीमुळे तेव्हा इथलं कामकाज संध्याकाळी ५ ला बंद होत होतं. अमेरिकेत भाव कोसळत असताना इथल्या लोकांना बाहेर पडायची सोयच नव्हती. बहुतेक मॉडेलं भाव शून्याच्या वरच असतो असं धरून बांधलेली असतात.

तीन, मॉडेलमुळेच वाढणारा गोंधळ. एप्रिल २०११ च्या अखेरीस चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ पोचली होती. हालचाल वाढली म्हणून अमेरिकेतल्या एक्स्चेंजने मार्जिन पुन्हा पुन्हा वाढवलं. ज्यांना जास्तीचे पैसे भरता आले नाहीत त्यांनी चांदी विकली, भाव पडला आणि हालचाल आणखी वाढली. मे च्या पहिल्या आठवड्यात भाव ३५ डॉलरच्या आसपास आला. सगळे जण सारख्याच सूत्राने जोखीम मोजू लागले की सगळे एकाच दाराकडे धावतात. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने ५० डॉलरचा टप्पा ओलांडला आणि त्याच महिन्यात ती झपाट्याने खालीही आली.

चार, जिथे आकडेच नीट नाहीत. कोल्हापूरच्या गुळाचं उदाहरण घ्या. बाजार समितीत सौदे होतात, पण प्रत्येक रव्याची प्रत वेगळी, हंगाम काही महिन्यांचा, आणि आवक कमी-जास्त झाली की भाव बदलतो. त्याला ऑप्शनचा बाजार नाही, म्हणून व्हिक्ससारखं काही काढता येत नाही. दर सेकंदाला एकसारख्या वस्तूचा भाव मिळतो अशा बाजारासाठी बनलेली ही हत्यारं आहेत. गुळाला ती जशीच्या तशी लावली तर आकडा येईल, पण त्याला अर्थ नसेल.

अंदाज बरोबर होता की नाही, कसं तपासायचं?

इथे एक गमतीशीर अडचण आहे. भाव डोळ्यांना दिसतो, व्होलॅटिलिटी दिसत नाही. ‘उद्या १.५ टक्के’ असा अंदाज दिला आणि बाजार ०.२ टक्के हलला, तर अंदाज चुकला असं एका दिवसावरून म्हणता येत नाही. पावसाची शक्यता ७० टक्के सांगितली आणि पाऊस पडला नाही, तर वेधशाळा चुकली असं होत नाही, तसंच.

म्हणून अनेक दिवसांचा हिशेब मांडतात. एखादं मॉडेल म्हणतं, ‘१०० पैकी ९९ दिवस तोटा या मर्यादेच्या आत राहील.’ मग २५० दिवसांत मर्यादा दोन-तीन वेळाच ओलांडली जायला हवी. बँकांसाठीच्या बासेल नियमांत यासाठी सिग्नलसारखे रंग आहेत. ४ वेळांपर्यंत हिरवा, ५ ते ९ पिवळा, १० किंवा जास्त झाल्यास लाल. आणि तपासणी नेहमी मॉडेलने न पाहिलेल्या दिवसांवर करायची. ज्या प्रश्नपत्रिकेवर अभ्यास केला तीच परीक्षेत आली तर गुण कोणालाही मिळतात.

मॉडेल जितकं किचकट तितकं चांगलं, असंही नाही. हॅन्सन आणि लुंडे या दोन संशोधकांनी २००५ साली ३३० मॉडेलांची तुलना केली. चलनाच्या दरासाठी साध्या गार्चला ठोसपणे मागे टाकणारं एकही सापडलं नाही. आयबीएम कंपनीच्या शेअरसाठी मात्र घसरणीला वेगळं वजन देणारी मॉडेलं सरस ठरली.

मग सामान्य माणसाने याचं काय करायचं?

सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीपेक्षा जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी साधारण २ लाख. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के लोकांना तोटा झाला आणि एका वर्षाचा निव्वळ तोटा १ लाख कोटींच्या पुढे गेला. हे पैसे मोठ्या शहरांतलेच नाहीत. लहान शहरांतले आणि तालुक्यांतलेही आहेत.

यातल्या बऱ्याच जणांची दिशा काही वेळा बरोबरही आलेली असते. तरी पैसे जातात, कारण ऑप्शनच्या भावात व्होलॅटिलिटीची किंमत आधीच धरलेली असते. निकालाच्या आदल्या दिवशी महाग प्रीमियम देऊन ऑप्शन घेतला, बाजार हवा तिकडे थोडा गेला, पण अनिश्चितता संपली म्हणून प्रीमियमच आटला. दिशा बरोबर आणि खिसा रिकामा.

ऑप्शन विकणाऱ्याचा धोका उलटा आहे. महिनोन्महिने थोडं थोडं उत्पन्न मिळत राहतं आणि ४ जूनसारख्या एका दिवशी ते सगळं आणि वर भांडवलही जातं. शांत दिवसांच्या आकड्यांवरून ‘खात्रीचं मासिक उत्पन्न’ विकणाऱ्या टेलिग्राम चॅनेलला एकच प्रश्न विचारा. तुमच्या हिशेबात मार्च २०२० चे दिवस धरले आहेत का?

व्होलॅटिलिटीच्या अंदाजाचा खरा उपयोग ‘काय घ्यावं’ हे ठरवण्यासाठी होत नाही, ‘किती घ्यावं’ हे ठरवण्यासाठी होतो. त्यासाठी चार साध्या गोष्टी पुरेशा आहेत.

आपल्याकडच्या रकमेला रोजच्या व्होलॅटिलिटीने गुणा. ५ लाखांवर २ टक्के म्हणजे साध्या दिवशी १० हजारांची उलथापालथ. ती सोसत नसेल तर रक्कम जास्त आहे.

व्होलॅटिलिटी दुप्पट झाली तर सौद्याचा आकार निम्मा करा. जोखीम तेवढीच राहते.

मॉडेलच्या आकड्याच्या चार-पाच पट वाईट दिवस धरून बघा. त्या दिवशीही घर चालणार असेल, उधारी फेडता येणार असेल, तरच पुढे जा.

निवडणूक, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेची बैठक या तारखा स्वतः लिहून ठेवा. हे काम मॉडेल करत नाही.

दहा-पंधरा वर्षांसाठी दरमहा एसआयपी भरणाऱ्याला रोजचा व्हिक्स बघायची गरज नाही. उद्याच्या मार्जिनवर, महिनाअखेरच्या हप्त्यावर किंवा ९ दिवसांत द्यायच्या मालावर ज्याचा पैसा अडकला आहे, त्याच्यासाठी मात्र हा हिशेब रोजचा आहे. हुपरीच्या त्या १० किलोंच्या ऑर्डरीत साध्या अंदाजाने ४५ हजारांचा धोका दिसत होता. तो चार-पाच पट केला तर २ लाखांच्या आसपास जातो. पहिला आकडा मजुरी आणि भाव ठरवताना धरायचा. दुसरा आकडा सोसणार नसेल तर चांदी त्याच दिवशी घेऊन टाकायची किंवा ऑर्डर लहान करायची.